चारोटी ते आच्छाड : थांबत जायचा रस्ता

मुंबईहून गाडीनं गुजरात, राजस्थान, दिल्लीकडे निघणाऱ्यांचे थांबे बहुतेक ठरलेले असतात. मनोरच्या आसपास एखादा ढाबा गाठायचा, चहा घ्यायचा, पोरांना मोकळं करून आणायचं, पेट्रोल भरायचं आणि निघायचं. पुढचा थांबा वापी, नाहीतर थेट सुरत. या दोन थांब्यांच्या मध्ये डहाणू आणि तलासरी हे दोन तालुके येतात. मागच्या सीटवरची मंडळी तेव्हा डुलक्या काढत असतात, चालवणाऱ्याचं लक्ष ट्रकांवर असतं आणि सुरतेला पोचायला किती वाजतील याचा हिशेब सुरू असतो. महाराष्ट्र कुठे संपला हेसुद्धा कित्येकांना दुकानांवरच्या गुजराती पाट्या दिसल्यावर कळतं.

हा रस्ता म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ४८. जुन्या ड्रायव्हरांच्या तोंडी तो अजून ‘आठ नंबर’च आहे. दिल्लीहून निघून जयपूर, अहमदाबाद, मुंबई, पुणे, बंगळूर करत तो चेन्नईला पोचतो. लांबी सुमारे २८०० किलोमीटर. त्यातला चारोटी नाक्यापासून आच्छाडच्या सीमेपर्यंतचा तुकडा वाहतूक मोकळी असली तर तासाभराच्या आतच सरतो. हे पुस्तक तेवढ्याच तुकड्याबद्दल आणि त्याच्या दोन्ही अंगांना फुटणाऱ्या फाट्यांबद्दल आहे. देश ओलांडायला निघालेल्या माणसानं इथे एक अख्खा दिवस द्यावा, असा माझा आग्रह आहे. त्या आग्रहामागची कारणं या प्रस्तावनेत मांडतो.

प्रवासात कुठे थांबावं, हे आजकाल बहुधा फोटो ठरवतो. धबधबा दिसला, ढग खाली उतरले, पुलावरून नदी छान दिसली, की गाडी बाजूला. अशा थांबण्याला माझी हरकत नाही. पण खिडकीतून दिसतं तेवढंच पाहून माणूस पुढे गेला, तर डहाणू-तलासरीत त्याच्या हाती फार काही लागत नाही. इथे ताजमहाल नाही, बुरुजांचा प्रचंड किल्ला नाही. ठिकाणं निवडताना मी एकच कसोटी लावली : इथला माणूस या जागी स्वतःच्या कारणानं थांबतो का? नवस फेडायला, बाजाराला, कुणाची आठवण काढायला, पाऊस पडावा म्हणून, वाघानं गुरं सोडावीत म्हणून. ज्या जागेपाशी इथले लोक पिढ्यान्‌पिढ्या थांबत आले आहेत, तिथे आपणही थांबावं.

या कसोटीला सर्वांत आधी उतरते ती महालक्ष्मी. डहाणू तालुक्यातल्या विवळवेढे गावी, महामार्गाच्या अगदी कडेला देवीचं देऊळ आहे आणि मागे डोंगर. डोंगराचं टोक सुळक्यासारखं उभं, लांबून ओळखू येणारं. चारोटीकडे येताना तो सुळका दिसायला लागला की या भागातला माणूस गाडीत बसल्या जागी हात जोडतो. देवीचं मूळ स्थान वर गडावर. ती खाली का आली, त्याची गोष्ट इथल्या कुठल्याही म्हाताऱ्या बाईला विचारा. एक भक्तीण पोटुशी असताना दर्शनाला गड चढत होती. अर्ध्या वाटेत तिला घेरी आली. देवीनं सांगितलं, तू आता चढू नकोस, मीच पायथ्याला येते. तेव्हापासून देवी खाली. मला ही कथा फार मोलाची वाटते, कारण तिच्यात बाईच्या थकलेल्या शरीराची कदर आहे. देवळात जाऊन नुसता नमस्कार करून निघणाऱ्यांनी ही गोष्ट तरी ऐकून जावी.

चैत्र पौर्णिमेला, हनुमान जयंतीच्या दिवशी यात्रा भरते आणि पंधरवडाभर चालते. पौर्णिमेच्या मध्यरात्री वाघाडी गावचा पुजारी ध्वज घेऊन अंधारात तो अवघड डोंगर चढतो आणि शिखराजवळ ध्वज लावतो. हा ध्वज येतो जव्हारच्या मुकणे राजघराण्याकडून. जव्हार संस्थान १९४८ साली विलीन झालं, पण ध्वजाचा मान चालू राहिला. एका टोकाला राजघराणं, दुसऱ्या टोकाला पाड्यावरचा पुजारी, आणि मधे डोंगराची वाट. इतक्या साध्या रीतीनं या मुलखाचा सगळा जुना व्यवहार समोर उभा राहतो. यात्रेच्या दिवसांत महामार्गावरची वाहतूक रेंगाळते आणि घाईतले प्रवासी वैतागतात. माझं म्हणणं उलट आहे : ठरवून त्याच दिवसांत या. डहाणू, जव्हार, विक्रमगड, तलासरी, शिवाय गुजरातच्या बाजूनं माणसं येतात. पाळणे असतात, भांडी असतात, सुक्या मासळीचे आणि मसाल्यांचे ढीग असतात. पावसाळ्याची बेगमी इथूनच घरी जाते. बोंबील निवडणाऱ्या बाया एकेक मासा उचलून वाकवून बघतात, वासाला नाकाशी नेतात, मग टोपलीत टाकतात. त्या खरेदीला घाई नसते, कारण पुढचे चार महिने त्यावर काढायचे असतात.

चारोटीजवळ सूर्या नदीवरचा पूल लागतो. धामणी धरणानं अडवलेली हीच ती सूर्या. तिचं पाणी आता वसई-विरार आणि मीरा-भाईंदरच्या नळांना जातं. शहरातला माणूस इथून भरधाव जातो तेव्हा खाली वाहतंय ते आपल्याच नळाचं पाणी, हे त्याच्या ध्यानातही नसतं. हा पूल देशभर माहीत झाला तो दुसऱ्याच कारणानं. ४ सप्टेंबर २०२२ रोजी उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला इथे अपघात झाला. ते आणि त्यांच्यासोबत मागे बसलेले जहांगीर पंडोल यांचा मृत्यू झाला. पुलापाशी तीन मार्गिकांच्या दोन होतात, यावर तेव्हा बरीच चर्चा झाली. मागच्या सीटवरच्या पट्ट्याची सक्ती त्यानंतरच लोकांच्या बोलण्यात आली. पुलावर थांबू नका. पण जाताना वेग कमी करा आणि मागे बसलेल्यांना पट्टा लावायला सांगा. थांबत जाणाऱ्या माणसाचं पुस्तक असलं तरी, किंबहुना म्हणूनच, हे सुरुवातीला सांगणं मला भाग आहे.

चारोटीहून डावीकडे डहाणूच्या रस्त्याला लागलात की गंजाड येतं. जिव्या सोमा मशे इथलेच. वारली चित्रकला जगभर गेली ती त्यांच्या हातानं. गेरूनं सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचं पांढरं, आणि टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी, एवढंच साहित्य. मुळात हे काम बायांचं. लग्नघरात सवाशिणींनी देवचौक लिहायचा, त्यात पालघट देवी बसवायची आणि त्याशिवाय लग्न लागायचं नाही. लग्न लावणारी धवलेरीही बाईच. १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांनी ही चित्रं बाहेरच्या जगासमोर आणली, कागद आणि कापड आलं, आणि जिव्यांनी लग्नाच्या चौकाबाहेर पडून मासेमारीची जाळी, मुंग्यांची वारुळं, तारपा या वाद्याभोवतीचा फेर असं सगळं जगणं रेखाटलं. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ च्या मे महिन्यात ते गेले. आज महामार्गावरच्या हॉटेलांच्या भिंतींवर, रेल्वेच्या डब्यांवर, चहाच्या कपांवर वारली चित्रं दिसतात. त्यातली कित्येक वारली माणसानं काढलेली नसतात. म्हणून चित्र घ्यायचं असेल तर फाट्यावरून आत या, काढणाऱ्याच्या ओसरीवर बसा, काय काढलंय ते त्याच्याकडून समजून घ्या आणि सांगेल ती किंमत द्या. मोठ्या चित्रातली जाळ्याची वीण जवळून बघा : केसाएवढ्या रेघा, एकीला दुसरी चिकटलेली नाही, आणि संपूर्ण जाळं एकाही खाडाखोडीविना पूर्ण झालेलं. अशा चित्रावर घासाघीस करवत नाही.

आतल्या रस्त्यांवर आणखी एक खूण दिसेल, तिच्याकडे मात्र लक्ष ठेवावं लागतं. वाटेच्या कडेला, झाडाखाली उभी रोवलेली लाकडाची किंवा दगडाची फळी. तिच्यावर कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य, अंगावर शेंदराची पुटं, पायाशी नारळाची करवंटी आणि वाळलेली फुलं. हा वाघोबा. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला गुराखी आणि गावकरी इथे जमतात, देवाला मान देतात आणि गुरावासरांचं रक्षण मागतात. या जंगलात बिबट्या अजून आहे. शत्रूला मारून टाकण्याऐवजी त्याच्याशी ठराव करायचा, दरवर्षी ताजा करायचा, आणि त्याची खूण रस्त्यालाच रोवून ठेवायची, ही रीत मला फार शहाणपणाची वाटते. इथे फोटो काढण्याआधी कुणाला तरी विचारा. फळीला हात लावू नका.

कोसबाडबद्दल पुढे स्वतंत्र टिपण आहे, म्हणून इथे थोडक्यात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर हलवलं. अंगणवाडी आज देशाच्या गावागावांत आहे. तिचं बीज या दोघींच्या कामात आहे. गुरं राखणारी पोरं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी शाळाच कुरणात नेली. बालशिक्षणाशी ज्यांचा काडीचाही संबंध आहे त्यांनी ही टेकडी चुकवू नये.

टेकडीखाली घोलवड-बोर्डीच्या वाड्या. इराणी आणि पारशी बागायतदारांनी इथे चिकू रुजवला, वाढवला. २०१६ मध्ये डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळालं. मुख्य जात कालीपत्ती. तयार फळ ओळखायची इथली पद्धत बघण्यासारखी आहे. तोडणारा माणूस फळावर नखानं हलका ओरखडा काढतो. आतून हिरवं दिसलं किंवा चीक आला तर फळ झाडावरच राहू देतो, पिवळसर दिसलं तर तोडतो. महामार्गावर पाट्या घेऊन बसलेल्या बायांकडून चिकू घेताना हे आठवावं. त्या फळ निवडून देतात, आपण दाबून बघायची गरज नसते. उन्हाळ्यात त्याच जागी ताडगोळे असतात. कोयत्याच्या दोन-तीन घावांत फळ उघडतं, अंगठा आत घालून पारदर्शक गोळा सुटा निघतो, वरची साल पाण्यात बोटांनीच उतरते. तासन्‌तास उन्हात बसून हे काम करणारी बाई आदल्या दिवशी झाडावर चढलेल्या घरच्या माणसाच्या भरवशावर बसलेली असते. दहा-वीस रुपये कमी करायला सांगताना गाडीची किंमत आठवावी, इतकंच म्हणेन.

डहाणू तालुक्याला केंद्र सरकारनं १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून घोषित केलं. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमलं गेलं. या वाड्या, ही हिरवळ टिकली त्यामागे ही सारी लढाई आहे. आता याच किनाऱ्यावर वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली आहे आणि त्याला इथल्या मच्छीमारांचा विरोध जुना आहे. बंदर झालं की महामार्गाकडे येणारे रस्ते रुंद होतील, कंटेनर वाढतील. या पानांत वर्णन केलेलं काही त्यानंतर उरणार नाही, अशी मला भीती वाटते.

तलासरीकडे जाताना पश्चिमेला बारडाचा डोंगर दिसतो. त्याच्या पोटातल्या बाहरोट लेण्यांत संजाण ही आपली वस्ती पडल्यावर पारशी आपला पवित्र अग्नी, इराणशाह, घेऊन लपले आणि बारा वर्षं राहिले, असं ‘किस्सा-ए-संजाण’ सांगतो. पुढे तो अग्नी वांसदा, नवसारी अशी वस्ती करत १७४२ मध्ये उदवाड्याला पोचला आणि आजही तिथे तेवत आहे. उदवाडा याच रस्त्यानं गेल्यास, सीमेपलीकडे थोड्या अंतरावर. बाहरोटला जाणारी वाट चढणीची आहे आणि पावसाळ्यात घसरडी. वर पोचल्यावर कोरडं, अंधारं दालन आणि समोर समुद्रापर्यंतचा उतार. देश सोडून आलेल्या लोकांनी दुसऱ्यांदा परागंदा होऊन, अग्नी विझू न देता, इथे किती पावसाळे काढले असतील याचा विचार करत मी तिथे बराच वेळ बसलो आहे. लाकूडफाटा वर कोण आणत होतं, हा प्रश्न मला सुटत नाही. खालच्या पाड्यांतल्या माणसांच्या मदतीखेरीज ते झालं नसणार, असं माझं मन सांगतं.

तलासरी तालुक्यातलं झरी हे या पुस्तकातलं माझ्या दृष्टीनं सर्वांत महत्त्वाचं ठिकाण. तिथे पाहण्यासारखं विशेष काही नाही. इतर गावांसारखं गाव. पण २३ मे १९४५ रोजी हजारो वारली इथे जमले आणि त्यांनी ठरवलं की यापुढे वेठबिगार करायची नाही. तोपर्यंत काय चालत होतं ते नीट समजून घ्यायला हवं. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घेतले की वारली तरुण लग्नगडी व्हायचा. तो आणि त्याची बायको आयुष्यभर सावकाराच्या शेतावर राबायची, आणि कर्ज काही फिटायचं नाही. जमीनदाराचं शेत आधी, स्वतःचं नंतर. मोबदला नाही, उलट मार. अशा माणसांच्या पाड्यांवर शामराव आणि गोदावरी परुळेकर किसान सभेचं काम घेऊन आले, त्यांच्यासोबत राहिले, चालले. झरीच्या सभेनंतर लग्नगडी मालकांच्या घरून उठून निघून आले. त्याच वर्षी गवत कापणीच्या मजुरीचा लढा उभा राहिला. ऑक्टोबरमध्ये तलवाडा इथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे मारले गेले. गोदावरीबाईंना मारायला जमीनदारांची माणसं येणार आहेत, या बातमीनं त्यांच्या रक्षणासाठी ते लोक जमले होते. गोदावरीबाईंनी ही सगळी हकीकत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिली. त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ते पुस्तक सोबत घेऊन झरीला जा. दरवर्षी १० ऑक्टोबरला तलासरीत हुतात्म्यांच्या स्मरणाला लाल बावट्याखाली माणसं लोटतात. तलासरीच्या महाविद्यालयाला गोदावरीबाईंचंच नाव आहे. लग्नगड्यांची पतवंडं आज तिथे पदवीच्या वर्गांत बसतात, हे बघायला तरी गाडी महामार्गावरून खाली उतरवावी.

त्याच महामार्गावर धुंदलवाडीचा फाटा आहे. नोव्हेंबर २०१८ पासून या परिसरात भूकंपाचे धक्के सुरू झाले आणि कित्येक महिने चालले. ऐन थंडीत माणसं घराबाहेर, तंबूत निजली. रस्त्यावरून जाणाऱ्या हजारो गाड्यांना त्याचा पत्ता नव्हता. पुढे दापचरी. मुंबईतले गोठे शहराबाहेर नेण्यासाठी उभारलेला सरकारी दुग्धप्रकल्प, त्याच्यासाठीचं कुर्झे धरण, आणि आता ओसाड पडत चाललेल्या इमारती. त्यांच्याकडे बघताना जमिनी दिलेल्या आदिवासींची बाजूही विचारावी.

आच्छाडला महाराष्ट्र संपतो. ही सीमा १ मे १९६० ची. तेव्हा जुना उंबरगाव तालुका दोन राज्यांत विभागला गेला. पण लगीनसंबंध, बाजार, यात्रा, भाषा यांनी ती रेघ कधी मानली नाही. या सीमेवर सर्वांत जास्त वेळ थांबलेली माणसं म्हणजे ट्रकवाले. तपासणी नाक्यांच्या रांगेत रात्री काढायच्या, गाडीखालीच स्टोव्ह पेटवायचा, क्लीनरला पाणी आणायला पाठवायचं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि राज्यांच्या सीमांवरचे विक्रीकराचे नाके उठत गेले; रांगा घटल्या. त्यांच्यावर चालणाऱ्या टपऱ्याही कमी झाल्या. या पट्ट्याची खडान्‌खडा माहिती मला सर्वांत जास्त मिळाली ती जुन्या ट्रकवाल्यांकडून आणि अशा टपरीवाल्यांकडून. कुठल्या विहिरीचं पाणी गोड, कुठल्या फाट्यावर रात्री उभं राहू नये, कुणाच्या घरी निरोप ठेवला तर पोचतो, हे त्यांना पाठ असतं.

मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग याच मुलखातून जातो आहे. त्यावर वेळ वाचेल, यात शंका नाही. पण त्यावर ठरलेल्या जागांखेरीज उतरता येणार नाही. महालक्ष्मीला हात जोडायचे तर ते शंभराच्या वेगानं. म्हणून जुन्या महामार्गानं जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी सांगून ठेवतो. रस्त्याच्या कडेला, पट्टीवर गाडी लावू नका. फाट्यावर किंवा सेवा रस्त्यावर उतरूनच थांबा, कारण मागून येणारा ट्रक तुम्हाला पाहायला थांबणार नाही. पाड्यावर जाताना आधी कुणाला तरी आवाज द्या, अंगणात बोलावल्याशिवाय शिरू नका. मुलांना चॉकलेटं वाटत फिरू नका. पाणी मागितलंत तर मिळेल. चहा दिला तर नाही म्हणू नका. पावसाळ्यात ओढ्यांना पाणी अचानक वाढतं, तेव्हा आतल्या रस्त्यांची खबर चारोटी, कासा किंवा तलासरीच्या बाजारात घेऊनच वळा.

टिपणं दक्षिणेकडून उत्तरेकडे लावली आहेत. गुजरातकडून येणाऱ्यांनी शेवटच्या पानापासून मागे वाचत यावं. ज्यांच्याकडे अर्धाच दिवस आहे त्यांनी झरी आणि विवळवेढे ही दोन ठिकाणं करावीत. बाकीची पुढच्या खेपेला.